चर्मपत्रावरचं आणि पदरचं

चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एखाद्या मॅनॉरच्या, म्हणजे जमीनदाराच्या वतनी इस्टेटीच्या, न्यायसभेची गुंडाळी समोर आली की लगेच वाचायला घ्यायची नाही. आधी पट्टे मोजायचे. मेंढीच्या कातड्याचे लांबट पट्टे डोक्याशी एकत्र शिवलेले असतात. पट्टा पुढून संपला की उलटवायचा, मागची बाजू वाचायची आणि मगच पुढचा पट्टा घ्यायचा. राजाच्या चान्सरी दफ्तरातल्या गुंडाळ्यांत मात्र पट्टे शेपटीला डोकं असे लांबलचक जोडलेले असतात. हा फरक ध्यानात न घेता वाचत गेलं तर एका सभेचा मजकूर मध्येच तुटतो आणि आपण नकळत दुसऱ्याच सभेत जाऊन पोचतो.

मध्ययुगीन युरोपचा इतिहास आपल्याकडे बहुतेक जण पाठ्यपुस्तकातून शिकतात. सरंजामशाही, चर्च, धर्मयुद्धं, प्लेग अशी प्रकरणं होतात, परीक्षा होते. मूळ दफ्तरापर्यंत आलं की कळतं, की त्या प्रत्येक प्रकरणाखाली कुणीतरी अक्षर अक्षर लावून वाचलेल्या ओळी आहेत आणि त्या लावताना वाचणाऱ्याने पदरचंही बरंच घातलेलं आहे. चर्मपत्रावर काय आहे आणि आपण काय घातलं, हे शेवटपर्यंत वेगळं ठेवणं, माझ्या मते या अभ्यासातलं निम्मं शिक्षण एवढंच आहे. ते कसं घडतं, ते इथे क्रमाने लिहितो.

हाताळणी थोडक्यात सांगतो. अभिलेखागारात फक्त शिसपेन्सिल. हात स्वच्छ आणि कोरडे. चर्मपत्राला हातमोजे बहुधा घालू देत नाहीत, कारण बोटांना कडा कळत नाही आणि ती फाटते. गुंडाळी स्वतःहून मिटते, म्हणून कापडात शिवलेली वजनं लिखाण झाकणार नाही अशी ठेवायची. फोटो घ्यायची परवानगी असेल तर पहिला फोटो दफ्तर क्रमांकाच्या चिठ्ठीचा, दुसरा अख्ख्या पट्ट्याचा मोजपट्टीसकट, मग वरून खाली एकमेकांवर थोडे चढणारे तीन-चार जवळचे, आणि शेवटी मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही. नवशिक्याच्या फोटोंत हमखास कापला जातो तो डावा समास. नेमकं त्याच समासात कारकुनाने दंड, नजराणा, हुकूम यांचे शेरे मारलेले असतात. समास नसलेला फोटो म्हणजे अर्धा कागद गेला.

शाई मायफळ आणि हिराकस यांची. ती कातड्यात मुरते आणि काळाने तपकिरी होते. केसांची बाजू पिवळसर असते, मांसाची पांढरट. अक्षर फिकट झालं असेल तर अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा उठून दिसतं. तरीही न दिसलेलं अक्षर चौकोनी कंसात टिंबं देऊन सोडायचं. अंदाज करायचाच असेल तर तो तळटीपेत लिहायचा, ओळीत मिसळायचा नाही.

आता अक्षरं. भाषा लॅटिन. मोडी शिकलेल्या माणसाला इथे एक गोष्ट आधीच ठाऊक असते: वर्णमाला आली म्हणजे कागद वाचता आला असं होत नाही. हात बदलला की अक्षर बदलतं. म्हणून प्रत्येक कारकुनाचा स्वतंत्र तक्ता करायचा. खात्रीने वाचता आलेल्या शब्दांतून, म्हणजे गावाचं नाव, राजाचं नाव, नेहमीची ठरावीक वाक्यं यांतून, एकेक अक्षर जसंच्या तसं वहीत उतरवायचं आणि शेजारी ते कोणत्या ओळीतल्या कोणत्या शब्दातून घेतलं ते लिहायचं. सी आणि टी या हातात जवळपास सारखे दिसतात. लांब एस आणि एफ यांत फरक फक्त आडव्या दांडीचा. सुरुवातीला दोन एफ दिसले तर ते एकच मोठं एफ समजायचं. यू आणि व्ही वेगळे नसतात, आय आणि जे वेगळे नसतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो उभ्या छोट्या रेघांत. आय म्हणजे एक रेघ, एन आणि यू म्हणजे दोन, एम म्हणजे तीन, आणि आयवर टिंब नसतं. ‘मिनिमुम’ हा शब्द लिहिला की ओळीने १५ सारख्या रेघा उभ्या राहतात. इथे शब्द ओळखायची घाई केली की डोळा ओळखीचं तेच पाहतो. माझी पद्धत अशी: आधी रेघा मोजायच्या, आकडा लिहायचा, मग त्या आकड्यात बसणारे शब्द मांडायचे आणि व्याकरण कुणाला जागा देतं ते बघायचं. या पद्धतीने ओळीला अर्धा तास लागतो, महिन्याभरात पाच मिनिटं.

त्याहून मोठं काम संक्षेपांचं. चर्मपत्र महाग, कारकुनाला लिहायचं भरपूर, म्हणून शब्दागणिक अक्षरं गाळून वर किंवा मध्ये खूण केलेली असते. आपण ‘मु. पो.’ किंवा ‘रा. रा.’ वाचताना थांबत नाही, तसाच तोही थांबत नव्हता. पी अक्षराच्या शेपटीवर सरळ आडवी रेघ असेल तर ‘पेर’, म्हणजे अमुक मार्फत. पोटातून निघून मागे वळलेली वेलांटी शेपटीला छेदत असेल तर ‘प्रो’, म्हणजे अमुकसाठी. डोक्यावर रेघ असेल तर ‘प्रे’. रॉबर्टमार्फत दिले की रॉबर्टसाठी दिले, हा फरक त्या एका फराट्यावर ठरतो. नऊच्या आकड्यासारखी खूण ओळीत शब्दारंभी आली तर ‘कोन’, शब्दाच्या शेवटी वर लिहिली तर ‘उस’. सातसारखी खूण म्हणजे ‘आणि’.

यासाठी आद्रियानो कापेल्ली यांचा १८९९ साली निघालेला संक्षेपकोश सगळेच वापरतात. त्याची मर्यादा अशी की तो मुख्यतः इटलीतल्या हस्तलिखितांवर उभा आहे. इंग्लंडच्या न्यायसभांमधले कितीतरी खास संक्षेप त्यात सापडत नाहीत. लॅटिनचंही तसंच. अभिजात लॅटिनचं व्याकरण हवंच, पण इथे ‘टेराय’ऐवजी ‘टेरे’ लिहिलेलं असतं, ‘निहिल’ (काहीच नाही) ऐवजी ‘निखिल’. ते ‘शुद्ध’ करून उतरवायचा मोह आवरायचा. समाधानाची गोष्ट ही की न्यायसभेची भाषा साचेबंद आहे. ‘या सभेस अमुक आला’, ‘धन्यास नजराणा देतो’, ‘म्हणून दंडास पात्र’, ‘जामीन अमुक’, अशी वीस-पंचवीस वाक्यं पाठ झाली की गुंडाळीचा मोठा भाग उलगडतो. सरावासाठी लंडनला जावं लागत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे लॅटिन आणि लिपिवाचनाचे पाठ मोफत आहेत, आणि ह्यूस्टन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर इंग्लंडच्या राजन्यायालयांतल्या गुंडाळ्यांची लाखो छायाचित्रं आहेत. सांगली-कोल्हापुरात बसून रोज दहा ओळी वाचता येतात.

उतारा करताना ओळीला ओळ ठेवायची, ओळींना क्रमांक द्यायचे. कारकुनाने गाळलेली आणि आपण भरलेली अक्षरं गोल कंसात. खोडलेला शब्द खोडलेलाच दाखवायचा, वर घातलेला शब्द वर घातलाय हे सांगायचं. कंटाळवाणं वाटतं, पण का करायचं ते एका शब्दावरून दाखवतो. कारकुनाने नुसतं ‘योह’ लिहून शेवटी वर एक फराटा मारलाय. ‘योहान्नेस’ म्हणजे जॉन, पुरुष. ‘योहान्ना’ म्हणजे जोन, बाई. त्यापुढे ‘फिल’ आणि पुन्हा फराटा: ‘फिलिउस’ मुलगा की ‘फिलिया’ मुलगी, तेही झाकलेलं. आपण सवयीने ‘योहान्नेस फिलिउस’ भरून मोकळे होतो आणि कंस घातले नाहीत तर आठवड्याने आपल्यालाच खरं वाटतं, की चर्मपत्रावर ‘जॉन’ लिहिलंय. एका बाईच्या नावावरची जमीन अशी आपल्या वहीत पुरुषाच्या नावावर चढते. मध्ययुगीन गावात बायकांच्या नावे जमीन किती होती, हा प्रश्न पुढे कुणी त्या उताऱ्यावरून सोडवायला गेलं तर उत्तर आपण आधीच बिघडवून ठेवलेलं असतं. ओळीत पुढे ‘ईदेम’ (तोच) आहे की ‘एआदेम’ (तीच), ‘विधवा’ किंवा ‘बायको’ असा शब्द आहे का, हे शोधायचं. नसेल तर ‘योह’ पुढे रिकामा कंस.

तारखेत पदरचं सगळंच घालावं लागतं, कारण कारकून आपल्यासारखी तारीख देतच नाही. नमुन्याचं शीर्षक घेऊ: ‘संत मार्क सुवार्तिक याच्या सणानंतरचा लगतचा सोमवार, विजयानंतरच्या तिसऱ्या एडवर्डच्या राज्याचं तेविसावं वर्ष’. विजय म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं तो, १०६६ चा. त्याआधीही एडवर्ड नावाचे राजे होऊन गेले म्हणून हा खुलासा. तिसऱ्या एडवर्डचं राज्यवर्ष २५ जानेवारी १३२७ पासून मोजतात. म्हणजे तेविसावं वर्ष २५ जानेवारी १३४९ ते २४ जानेवारी १३५०. संत मार्कचा सण २५ एप्रिलला. आता वार. १३४९ चा ईस्टर १२ एप्रिलला होता, आणि ईस्टर रविवारीच असतो. म्हणून १९ आणि २६ एप्रिल हेही रविवार, २५ तारीख शनिवार, आणि लगतचा सोमवार २७ एप्रिल १३४९. सण स्वतःच सोमवारी असता तर ‘नंतरचा’ म्हणजे पुढचा सोमवार धरावा लागला असता. हे गणित दरवेळी वहीत पायरीपायरीने लिहायचं, नुसतं उत्तर नाही, म्हणजे चूक कुठे झाली ते सापडतं.

चुका ठरलेल्या जागी होतात. संत थॉमस तीनदा भेटतो: प्रेषित थॉमस २१ डिसेंबरला, कँटरबरीचा हुतात्मा थॉमस २९ डिसेंबरला, आणि त्या हुतात्म्याच्या अस्थी हलवल्याचा सण ७ जुलैला. ‘हलवल्याचा’ हा एक शब्द नजरेतून सुटला तर सभा भर उन्हाळ्यातून ऐन थंडीत जाते. दुसरी जागा जानेवारी ते मार्च. इंग्लंडमध्ये तेव्हा इसवी सनाचा आकडा २५ मार्चला बदलत असे. त्यामुळे आपण ज्याला १० फेब्रुवारी १३४९ म्हणतो त्याला तिथला कारकून १३४८ च म्हणे. तिसरी जागा राजा जॉन. त्याचा राज्याभिषेक ११९९ सालच्या ख्रिस्तारोहणाच्या सणाला झाला. तो सण दरवर्षी सरकतो, म्हणून जॉनची राज्यवर्षं कमीजास्त लांबीची आहेत. मराठी दफ्तरांत राज्याभिषेक शक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला बदलतो आणि सुहूर सन मृगाला, हे ज्याने हाताळलंय त्याला राज्यवर्षाचं कोडं लवकर सुटतं. शेवटचं: हे सगळं ज्युलियन पंचांग आहे. चौदाव्या शतकात ते आजच्या पंचांगाच्या ८ दिवस मागे होतं. तारखा तशाच ठेवायच्या. सुगी कधी आली याची आजच्या ऋतूंशी तुलना करायची असेल तरच ८ मिळवायचे.

न्यायसभेनंतर हिशेबाची गुंडाळी. संत मायकेलचा सण, २९ सप्टेंबर, तिथून पुढच्या २९ सप्टेंबरपर्यंत तिचं वर्ष. हिशेब देतो तो रीव्ह, धन्याचा गावातला कारभारी, बहुधा गावातलंच एक बंधक कूळ. इथे माझी समजूत सर्वात जास्त वेळा बदलली आहे. आपण जमा आणि खर्च पाहिला की नफा-तोटा शोधतो. या हिशेबात नफा नाहीच. रीव्हच्या अंगावर धन्याचं किती येणं आहे, त्यातलं त्याने काय काय वळतं केलं आणि बाकी किती, एवढंच त्यात आहे. मागील थकबाकी सुरुवातीलाच जमेत धरलेली असते, मग ठरीव खंड, धान्यविक्री, जनावरांची विक्री, न्यायसभेचे दंड. खर्चात नांगर, गाड्या, घरदुरुस्ती, मळणी, गवतकापणी, सुगी. जमेची बेरीज मोठी दिसली म्हणून ते वर्ष भरभराटीचं मानायचं नाही. कदाचित जुनी थकबाकीच फुगलेली असेल.

मागच्या बाजूला धान्य आणि जनावरं. आठ बुशेलांचा एक क्वार्टर. किती आलं, किती बियाण्याला, किती गड्यांना, किती विकलं. इथे तपासनीसाचा हात दिसतो: रीव्हने लिहिलेला आकडा खोडून वर दुसरा. कधी शेवटी ‘हिशेबावर विक्री’ असं लिहिलेलं सापडतं. ती बाजारात झालेली विक्री नसते. धान्य किंवा जनावर हिशेबात कमी भरलं, तेव्हा तपासनीसांनी ते विकलंय असं धरून त्याची किंमत रीव्हच्या अंगावर टाकली. रुजवातीचीच ही एक तऱ्हा. त्या ओळी बाजारभावाच्या तक्त्यात घेतल्या की तक्ता खोटा होतो.

पैसे आणे-पैच्या पिढीला परके वाटणार नाहीत: १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेनी. अर्ध्या पेनीला ‘ओब’, पाव पेनीला ‘क्यू’ आणि फराटा. याशिवाय मार्क: त्याचं नाणं नव्हतं, तो नुसता मोजायचा, १३ शिलिंग ४ पेनींचा. त्यामुळे ६ शिलिंग ८ पेनी किंवा ३ शिलिंग ४ पेनी असे विचित्र दिसणारे नजराणे वारंवार येतात. ते अर्धा आणि पाव मार्क आहेत.

आणि मोठं शेकडं. समजा, मेंढ्यांच्या रकान्यात मागील शिल्लक म्हणून चार रेघा आणि वर बारीक दोन एक्स आहेत. ते चोवीस नव्हेत, चार विसा म्हणजे ८०. खाली भर एल आणि एक्स, ६०. त्याखाली बेरीज: सी आणि दोन एक्स. आपण वाचतो १२०, खरी बेरीज येते १४०, आणि वहीत नोंद होते की कारकुनाची २० ची चूक. चूक नाही. जनावरं, मासे, अंडी मोजताना सी म्हणजे बहुतेकदा सहा विसा, १२०. एकशेवीस अधिक वीस, एकशेचाळीस बरोबर आहे. म्हणून नियम असा की कारकुनाला चुकीचं ठरवण्याआधी सगळ्या बेरजा दोन्ही शेकड्यांनी करून बघायच्या. त्याच गुंडाळीत पैशांचा शेकडा मात्र १०० चाच असू शकतो, हेही विसरायचं नाही.

या सगळ्या तयारीनिशी १३४९ ची न्यायसभा वाचायला घ्यायची. प्लेग १३४८ च्या उन्हाळ्यात डॉर्सेटच्या किनाऱ्यावर उतरला होता. गुंडाळीत ‘प्लेग’ हा शब्द शोधणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा काही लागत नाही. दिसतो तो समास. एरवी जिथे दंडांचे शेरे असतात तिथे एकाखाली एक ‘हेरियट’, ‘हेरियट’, ‘हेरियट’. कूळ मेलं की त्याचं सर्वात चांगलं जनावर धन्याला द्यायचं, ते हेरियट. मजकूर एका साच्यातला: अमुक, ज्याच्याकडे धन्याची एक घरजागा आणि अर्धा विर्गेट होता, मरण पावला; हेरियट एक गाय, किंमत इतकी; वारस अमुक. विर्गेट साधारण ३० एकरांचा, पण गावागणिक वेगळा, म्हणून एकरांत लिहायचा नाही. मग एखाद्या नोंदीत गाईच्या जागी ‘निखिल’, कारण जनावरच नव्हतं. पुढे ‘कुणी आलं नाही, जमीन धन्याच्या हाती’. आणि कधी त्याच पट्ट्यावर दोन बोटं खाली, ज्याने वारस म्हणून जमीन घेतली त्याचंच नाव पुन्हा, यावेळी मेलेल्यांत. या ठिकाणी वाचणारा थांबतो, आणि थांबावंच.

पण मोजताना पुन्हा तीच शिस्त. हेरियट मोजले म्हणजे गावातले मृत मोजले असं नाही. ज्याच्या नावे धन्याची जमीन, त्याचाच मृत्यू इथे येतो. मुलं नाहीत, नोकर नाहीत, पोटकुळं नाहीत, बहुतेक बायका नाहीत. शीर्षकातली तारीख सभेची आहे, मरणाची नाही. मागच्या सभेपासूनचे सगळे मृत्यू एका दिवशी गोळा झालेले असतात, आणि त्या वर्षी सभा वेळेवर भरल्या असतील असंही धरता येत नाही. म्हणून वहीत ‘गावातले इतके टक्के लोक मेले’ असं लिहायचं नाही. लिहायचं: अमुक तारखेच्या सभेत इतक्या कुळांचे मृत्यू नोंदले, पैकी इतक्यांचं हेरियट ‘निखिल’, इतक्या जमिनींना वारस आला, इतक्या धन्याकडे राहिल्या, इतक्या जागी नाव अपुरं.

नाव अपुरं, म्हणजे पुन्हा तो ‘योह’. एका मेलेल्या बापाच्या जमिनीचा वारस मुलगा, किंवा मुलगी. तिथे कंस रिकामा ठेवून पुढच्या पट्ट्यावर जायचं. वारस हजर झाला नसेल तर लागोपाठ तीन सभांत पुकारा होतो, आणि दरवेळी कारकून नाव पुन्हा लिहितो. एखाद्या वेळी शाई ताजी असते, जागा मोकळी असते आणि तो पूर्ण लिहून जातो, ‘पूर्वोक्त योहान्ना’. तसं सापडलं की मागे येऊन पहिला कंस भरायचा, आणि शेजारी पेन्सिलीने लिहायचं, कोणत्या पट्ट्यावरच्या कोणत्या ओळीवरून.